राजाच्या नावाने खटला कोण भरतो?

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेले कोणी नाही असे घर आता पुण्यात शोधावे लागेल. त्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही तिकडच्या पोलिसांचे, न्यायालयांचे आणि नोटिसांचे विषय वाढले आहेत. या वेळी निवडलेल्या पत्रांतील प्रसंग निरनिराळे असले तरी मुळाशी प्रश्न एकच आहे, तो म्हणजे तेथे फौजदारी खटला भरण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे. खालील उत्तरांत ‘इंग्लंड’ म्हणजे इंग्लंड आणि वेल्स असे समजावे. स्कॉटलंडची व्यवस्था अगदी वेगळी आहे, तेथे लॉर्ड अ‍ॅडव्होकेटच्या हाताखालचे ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ खटले चालवतात, आणि उत्तर आयर्लंडचीही स्वतःची अभियोग यंत्रणा आहे. ज्यांची मुले एडिंबराला आहेत त्यांनी ही उत्तरे तेथे लावू नयेत.

प्रश्न : माझी मुलगी लीड्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. सवलतीच्या रेल्वेकार्डाची मुदत संपल्याचे तिच्या ध्यानात आले नाही आणि तिने सवलतीच्या तिकिटावर प्रवास केला. आता रेल्वे कंपनीने ‘आपणांवर फौजदारी खटला भरण्याचा विचार आहे’ असे पत्र पाठवले आहे. एखादी कंपनी फौजदारी खटला कसा भरू शकते? तेथे सरकारी वकील नसतो काय? (एक पालक, सदाशिव पेठ)

उत्तर : सरकारी वकील असतो, परंतु प्रत्येक खटल्यात तोच असला पाहिजे असा तेथे नियम नाही. आपल्याकडे फौजदारी खटला म्हटला की ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’ हे शीर्षक डोळ्यांपुढे येते आणि खटला चालवणे हे शासनाचेच काम असे आपण धरून चालतो. इंग्लिश कायद्याची जुनी धारणा अशी, की गुन्हा म्हणजे राजाच्या शांततेचा भंग आणि तो राजाच्या न्यायालयापुढे मांडण्याची मुभा त्याच्या कोणत्याही प्रजाजनाला आहे. लंडनचे पोलीसदल उभे राहिले ते १८२९ साली. त्यापूर्वी शतकानुशतके ज्याच्या घरी चोरी झाली तोच खटला उभा करीत असे. १९८५ साली ‘प्रॉसिक्युशन ऑफ ऑफेन्सेस अ‍ॅक्ट’ने देशव्यापी सरकारी अभियोग यंत्रणा निर्माण केली, तेव्हाही त्याच कायद्याच्या कलम ६ ने हा हक्क शाबूत ठेवला. आपल्या कन्येला पत्र पाठवणारी कंपनी त्याच हक्काचा आधार घेते.

आता व्यवहाराचे बोलू. पत्रात कोणत्या कायद्याचा उल्लेख आहे हे प्रथम पाहावे. रेल्वेचे उपविधी हा एक मार्ग आहे. त्यात वैध तिकीट नव्हते एवढे पुरे होते, हेतू पाहिला जात नाही. दुसरा मार्ग १८८९ च्या रेल्वे नियमन कायद्याच्या कलम ५ चा आहे. त्यातील अधिक गंभीर गुन्ह्यासाठी भाडे चुकवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. मुदत संपल्याचे खरोखरच लक्षात आले नसेल, तर हा फरक आपल्या कन्येच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरतो.

लहान गुन्ह्यांसाठी २०१५ च्या कायद्याने एक सुटसुटीत पद्धत आणली. तिच्यात एकच दंडाधिकारी, कायदेविषयक सल्लागाराच्या साहाय्याने, केवळ कागदपत्रांवरून निकाल देतो आणि कोणी समोर उभे राहत नाही. आरोपीला नोटिशीचे उत्तर देण्यास २१ दिवस मिळतात. उत्तर न दिल्यास त्याच्या पश्चात निकाल लागतो. रेल्वे कंपन्यांना ही पद्धत उपविधींच्या भंगापुरतीच वापरता येत होती, पण काही कंपन्यांनी १८८९ च्या कायद्याखालचे खटलेही तिच्यातून निकाली काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडच्या मुख्य दंडाधिकाऱ्यांनी असे खटले मुळातच अवैध ठरवले. त्या निर्णयाच्या कक्षेत येणाऱ्या खटल्यांची संख्या सुमारे ७४,००० सांगितली गेली. न्यायाधीशांपासून वकिलांपर्यंत कोणाच्याही लक्षात न येता हे वर्षानुवर्षे चालू राहिले, कारण त्या कागदी प्रक्रियेत हरकत घेणारा माणूसच समोर नसतो.

तेव्हा पत्राकडे दुर्लक्ष करू नये. मुदतीत, नम्रपणे, जुन्या रेल्वेकार्डाची प्रत जोडून लेखी उत्तर द्यावे. पुष्कळदा भाड्याची रक्कम आणि खर्च घेऊन कंपन्या खटला न भरता प्रकरण मिटवतात. विद्यापीठातील विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राची मदत अवश्य घ्यावी. गुन्हा कबूल करण्याच्या चौकटीत मात्र सल्ला घेतल्याखेरीज खूण करू नये.

प्रश्न : मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंग्लंडची क्राऊन प्रॉसिक्युशन सर्व्हिस आणि आपल्याकडचा सरकारी वकील यांच्यात तत्त्वतः फरक काय? (एक विद्यार्थिनी, प्रभात रोड)

उत्तर : फरक ओळखायचा असेल तर न्यायालयात उभे कोण राहते हे पाहू नका, आरोप ठेवायचा की नाही हे कोण ठरवते ते पाहा. आपल्याकडे तपास पोलीस करतात आणि दोषारोपपत्रही पोलीसच दाखल करतात. सरकारी वकिलाचे काम त्यानंतर सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या प्रकरणात तर असे स्पष्ट केले, की दोषारोपपत्र दाखल करण्यापूर्वी सरकारी वकिलाचे मत घेण्याची सक्ती तपास अधिकाऱ्यावर करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने अभियोग संचालनालयातील अधिकाऱ्यांकडे काही गुन्ह्यांतील पोलीस अहवालाची छाननी सोपवली आहे, तरीही अहवाल पाठवण्याचा निर्णय पोलिसांच्याच हाती आहे.

इंग्लंडमध्येही १९८६ पर्यंत असेच होते, किंबहुना याहून अधिक. पोलीसच तपास करीत, पोलीसच आरोप ठेवीत आणि वकीलही तेच नेमीत. किरकोळ प्रकरणांत तर पोलीस अधिकारी स्वतःच दंडाधिकाऱ्यापुढे बाजू मांडीत. ‘डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्युशन्स’ हे पद १८७९ च्या कायद्याने निर्माण झाले होते खरे, पण त्याच्याकडे मोजकी, महत्त्वाची प्रकरणेच जात. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फे नावाच्या इसमाचा खून झाला आणि तीन मुलांना, मुख्यतः त्यांच्या कबुलीजबाबांवरून, दोषी ठरवण्यात आले. पुढे त्या शिक्षा रद्द झाल्या आणि १९७७ च्या चौकशी अहवालाने तपासातील दोष उघड केले. त्यानंतर नेमलेल्या रॉयल कमिशनने १९८१ साली शिफारस केली, की तपास पोलिसांकडे राहावा आणि अभियोग स्वतंत्र यंत्रणेकडे जावा. या आयोगाचे अध्यक्ष सर सिरिल फिलिप्स वकील नव्हते, इतिहासकार होते, आणि त्यांचा अभ्यासाचा विषय ईस्ट इंडिया कंपनी हा होता. एकाच संस्थेच्या हाती सगळे अधिकार एकवटले म्हणजे काय होते हे त्यांना कागदपत्रांतून चांगले ठाऊक असणार, असे मला नेहमी वाटते. हा अर्थात माझा तर्क.

१९८६ साली क्राऊन प्रॉसिक्युशन सर्व्हिस, म्हणजेच सी.पी.एस., कामाला लागली. तिचा प्रमुख म्हणजे वर सांगितलेला डायरेक्टर, आणि त्याच्यावर देखरेख अ‍ॅटर्नी जनरलची. २०२४ साली ब्रिटनचे पंतप्रधान झालेले किअर स्टार्मर यांनी २००८ ते २०१३ या काळात हे पद सांभाळले होते. सी.पी.एस. तपास करीत नाही आणि पोलिसांना हुकूमही देऊ शकत नाही. प्रारंभी आरोप पोलीसच ठेवीत आणि सी.पी.एस. नंतर कागद पाहून खटला पुढे चालवायचा की थांबवायचा ते ठरवी. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टने गंभीर गुन्ह्यांत आरोप ठेवण्याचा निर्णयच तिच्याकडे आणला. किरकोळ गुन्ह्यांत तो आजही पोलिसांकडे आहे.

तिची कसोटी दोन पायऱ्यांची आहे. पहिली पुराव्याची, म्हणजे दोषसिद्धी होण्याची वास्तव शक्यता आहे काय. दुसरी सार्वजनिक हिताची, म्हणजे पुरावा असला तरी खटला भरणे समाजाच्या दृष्टीने योग्य आहे काय. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, आणि गुन्हा कितीही घृणास्पद असला तरी पुरेशा पुराव्याअभावी आरोप ठेवता येत नाही. परीक्षेच्या उत्तरात हा क्रम चुकवू नये.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. ब्रिटनमध्ये शेकडो निरपराध उपडाकपालांना शिक्षा झाल्या, असे वाचले. खटले खुद्द पोस्टाने भरले, हे खरे काय? एवढे होईपर्यंत सरकारी अभियोग यंत्रणा काय करीत होती? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : खरे आहे, आणि आपल्यासारख्या टपाल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला ते जास्त लागणार. तेथील उपडाकपाल हा बहुधा पगारी नोकर नसतो. तो करारावर टपालाची शाखा चालवतो, अनेकदा आपल्या किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानातच. १९९९ पासून या शाखांमध्ये ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेब प्रणाली बसवण्यात आली. ती कधी कधी न झालेली तूट दाखवी. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी उपडाकपालाची. कोणी साठवणीतले पैसे घातले, कोणी घर गहाण ठेवले. ज्यांना भरणे जमले नाही त्यांच्यावर चोरीचे, फसवणुकीचे किंवा खोटे हिशेब लिहिल्याचे आरोप ठेवण्यात आले.

१९९९ ते २०१५ या काळात अशा प्रकरणांत नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवण्यात आले. त्यांतील सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसने स्वतः भरले होते. उरलेल्यांत सी.पी.एस.ने आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या यंत्रणांनी चालवलेले खटलेही होते, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये पोस्टाला त्यासाठी कोणताही खास अधिकार लागला नाही. सदाशिव पेठेतील वाचकांना सांगितलेला कलम ६ चा सर्वसामान्य हक्कच त्याने वापरला. दावा ज्याच्या पैशाचा तोच तपासणारा, त्याचेच अधिकारी जबाब घेणारे, त्याचेच वकील आरोप ठरवणारे, आणि ज्या प्रणालीच्या आकड्यांवर सारी भिस्त ती प्रणालीही त्याचीच. सावकारालाच पंच नेमावे तसा हा प्रकार झाला. पुष्कळांनी चोरीचा आरोप मागे घेतला जाईल आणि तुरुंग टळेल या आशेने खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. कबुली दिली की पुरावा तपासलाच जात नाही.

यात कायद्यातील एका बदलाचाही हात होता. १९८४ च्या पोलीस व पुरावाविषयक कायद्याच्या कलम ६९ नुसार संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. हे कलम अडचणीचे वाटून रद्द करण्यात आले आणि २००० पासून ‘यंत्र नीट चालत होते’ असे गृहीत धरले जाऊ लागले. ते चालत नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. खेड्यातल्या दुकानदाराने एका महाकाय प्रणालीतील दोष कसा दाखवावा?

आपला दुसरा प्रश्न अधिक मर्माचा आहे. खाजगी खटला सी.पी.एस.च्या प्रमुखाला आपल्याकडे घेता येतो, आणि तो कसोटीला उतरत नसेल तर थांबवताही येतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गुजरा प्रकरणात, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने, हे धोरण ग्राह्य धरले. परंतु असा खटला दाखल झाला आहे हे सी.पी.एस.ला कळवण्याचे सर्वसाधारण बंधन कोणावर नाही. कोणी कळवलेच नाही, तर तिला कळणार कसे? पोस्ट ऑफिस ही जुनी, प्रतिष्ठित, सरकारी मालकीची संस्था. तिच्या वकिलांनी कागद पुढे केला की तो खाजगी फिर्यादीचा आहे हे न्यायालयातही कोणाच्या मनात येत नसावे.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. २०१९ मध्ये दिवाणी न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकाच दिवशी रद्द केल्या. जानेवारी २०२४ मध्ये या विषयावरील नाट्यमालिका दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि लोकक्षोभ उसळला. अखेर मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा सरसकट रद्द केल्या. न्यायालयाने दिलेल्या शिक्षा संसदेने अशा घाऊक रीतीने पुसून टाकणे ही तेथेही विलक्षण गोष्ट होती आणि काही कायदेपंडितांना ती रुचली नाही. मला ती अपरिहार्य वाटते, कारण एकेक अपील ऐकत बसले असते तर कित्येक अर्जदार निकालापर्यंत हयातही राहिले नसते.

प्रश्न : माझा भाचा लंडनजवळ उपाहारगृह चालवतो. स्वयंपाकघराच्या तपासणीनंतर ‘कौन्सिल खटला भरील’ असे त्याला सांगण्यात आले. आपल्या महापालिकेसारख्या संस्थेला तेथे एवढा अधिकार आहे काय? आणखी कोणकोणती खाती खटले भरतात? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : आहे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम २२२ ने आपल्या रहिवाशांच्या हितासाठी खटले भरण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला आहे. अन्नाची स्वच्छता, वजनमापे, ग्राहकांची फसवणूक, उघड्यावर कचरा टाकणे हे विषय प्रायः त्यांच्याकडेच असतात. उपाहारगृहे, दुकाने आणि कचेऱ्या यांतील कामगारांच्या सुरक्षिततेची अंमलबजावणीही बहुतांशी कौन्सिलकडे असते. कारखाने आणि बांधकामे मात्र ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’कडे जातात. १९७४ च्या सुरक्षा कायद्याची एक गंमत अशी, की त्याखालील खटला सामान्य नागरिकाला परस्पर भरता येत नाही, त्यासाठी सी.पी.एस.च्या प्रमुखाची संमती लागते. उलट त्या खात्याचा निरीक्षक अधिकृत असेल तर स्वतः वकील नसतानाही दंडाधिकाऱ्यापुढे खटला चालवू शकतो.

कामावर कोणाचा मृत्यू झाला तर प्रकरण प्रथम पोलिसांकडे जाते. संस्थेवर २००७ च्या कायद्याखाली मनुष्यवधाचा आरोप ठेवायचा झाल्यास तो सी.पी.एस.च्या प्रमुखाच्या संमतीनेच ठेवता येतो.

नदी दूषित केल्यास इंग्लंडमध्ये एन्व्हायर्न्मेंट एजन्सी खटला भरते. शेअर बाजारातील आतल्या बातमीच्या आधारे केलेल्या व्यवहारांसाठी फायनॅन्शिअल कंडक्ट अ‍ॅथॉरिटी आहे. मोठ्या आणि गुंतागुंतीच्या आर्थिक घोटाळ्यांसाठी १९८७ च्या कायद्याने सीरियस फ्रॉड ऑफिस स्थापन झाले. त्यात तपासनीस, हिशेबतपासनीस आणि वकील एकाच छपराखाली काम करतात, म्हणजे फिलिप्स आयोगाने जे वेगळे केले तेच येथे जाणूनबुजून पुन्हा एकत्र केले, कारण अशा घोटाळ्याचे कागद वकिलाने पहिल्या दिवसापासून पाहिले नाहीत तर ते नंतर उलगडत नाहीत. करखात्याचा प्रवास उलट दिशेने झाला. त्याचे काही मोठे खटले कोसळल्यावर २००५ साली त्याच्या वकिलांची वेगळी कचेरी करण्यात आली आणि २०१० मध्ये तीही सी.पी.एस.मध्ये विलीन झाली.

आपल्या भाच्याने सुधारणा केल्याची दिनांकित छायाचित्रे आणि साफसफाईच्या नोंदी आजपासूनच ठेवाव्यात. खटला भरायचा की नाही हे ठरवताना चूक किती तत्परतेने दुरुस्त झाली हे कौन्सिल पाहते. दोषी ठरल्यास दंडाबरोबर कौन्सिलचा खर्चही त्याच्या माथी येऊ शकतो.

प्रश्न : मँचेस्टरच्या एका व्यापाऱ्याने दिलेला धनादेश वटला नाही. तेथे आपल्या कलम १३८ सारखी फिर्याद करता येईल काय? (एक व्यापारी, लक्ष्मी रोड)

उत्तर : नाही. धनादेश न वटणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा नाही. देतेवेळीच फसवण्याचा हेतू होता असे दाखवता आले तर २००६ च्या फसवणूकविषयक कायद्याचा विचार होऊ शकेल. एरवी मार्ग दिवाणी वसुलीचा, आणि तोच धरावा.

प्रश्न : माझ्या भावाला लेस्टरमध्ये मारहाण झाली. संशयित सापडला, परंतु ‘आरोप ठेवण्याइतका पुरावा नाही’ असे कळवण्यात आले. आता काही करता येते काय? (एक वाचक, औंध)

उत्तर : येते. २०११ च्या अपील न्यायालयाच्या एका निर्णयानंतर सी.पी.एस.ने २०१३ पासून पीडितांसाठी फेरविचाराची योजना सुरू केली. मात्र आलेल्या पत्रात निर्णय कोणी घेतला हे नीट पाहावे. तो सी.पी.एस.चा असेल तर तिच्याकडे अर्ज करावा, आणि पोलिसांनीच प्रकरण तिच्याकडे न पाठवता बंद केले असेल तर पोलिसांच्या वेगळ्या योजनेत. सी.पी.एस.कडील अर्ज शक्यतो पाच कामकाजाच्या दिवसांत करावा असे सांगितले जाते, तीन महिन्यांपर्यंतचा अर्जही विचारात घेतात. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. प्रकरण मुळापासून नव्या नजरेने, पूर्वीचा निर्णय न घेतलेला अभियोक्ता पाहतो.

तेथेही नकार मिळाला तर खाजगी खटल्याचा मार्ग कागदोपत्री खुला राहतो. भावाने तो सहजी धरू नये असे मला वाटते. सी.पी.एस.ने अपुरा ठरवलेला पुरावा घेऊन गेल्यास ती खटला ताब्यात घेऊन बंद करू शकते, आणि तोपर्यंत झालेला वकिलांचा खर्च पौंडांत असतो. आधी रुग्णालयाची कागदपत्रे, साक्षीदारांची नावे आणि घटनास्थळाजवळच्या दुकानांतील कॅमेऱ्यांचे चित्रण यांची मागणी पोलिसांकडे लेखी नोंदवावी. हे चित्रण अनेक ठिकाणी काही आठवड्यांतच पुसले जाते, म्हणून हे काम या अंकाची वाट न पाहता भावाने आधीच केले असेल अशी आशा आहे.